सही नोव्हेंबरात, नकार ऑगस्टात

प्रति,
एनसीएए डिव्हिजन वनमधील विद्यापीठांचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि पुरुष बास्केटबॉल संघांचे प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी मूळची सोलापूरची. गेली अकरा वर्षे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात खेळाडूंना गणित शिकवते. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्यातल्या काहींना पाठवली आहे. मराठीत वेगळे लिहिते आहे, कारण ज्यांची मुले दर शनिवारी एएयूच्या (शाळेबाहेरच्या हौशी बास्केटबॉलच्या) सामन्यांना जातात असे मराठी आईबाप आता इथे गावोगाव आहेत. एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची संघटना, आणि डिव्हिजन वन हा तिचा सर्वांत वरचा गट. तिथे खेळायला बोलावलेली मुले अभ्यासाच्या पात्रतेत कशी अडकतात, हे तुम्ही त्यांच्या दारात येण्याआधी त्यांनाही कळायला हवे.

एका मुलाबद्दल सांगते. नाव सांगणार नाही.

दक्षिणेकडच्या लहानशा गावातून आलेला, सहा फूट नऊ इंच उंचीचा मुलगा. आदल्या नोव्हेंबरात शाळेच्या जिममध्ये टेबल मांडून, आमच्या विद्यापीठाची टोपी घालून त्याने आमच्याकडे खेळायच्या करारावर सही केली होती. शेजारी आजी बसली होती. तो फोटो त्याच्या फोनच्या पडद्यावर कायम असे. जूनमध्ये उन्हाळी सत्रासाठी तो आला आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाला, अपूर्णांक सोडून काहीही शिकवा. माझे आजोबा पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ म्हणायचे. लहानपणी कानावर पडलेली ती रीत मी इथे बऱ्याचदा वापरते: आधी ओळखीचे माप घ्यायचे, मग त्याचे पाव-अर्धे करायचे. त्याच्या ओळखीचे माप म्हणजे सामन्याची मिनिटे. हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४० मिनिटांचा. मी विचारले, ३२ म्हणजे ४० चे किती? तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आमचा क्वार्टर आठ मिनिटांचा. इथे एक क्वार्टर जास्त. म्हणजे पाचातले चार." त्या दिवसानंतर तो वेळेआधी येऊन बसायला लागला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एनसीएएसाठी खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या, इंडियानापोलिसच्या एलिजिबिलिटी सेंटरचा निकाल आला. अपात्र. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पुरेसा होता, पण सोळाऐवजी पंधराच कोअर कोर्स भरले होते.

मराठी वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे बोर्डाची एकच मार्कशीट असते, तसे इथे नाही. डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षापासून खेळायचे तर नववी ते बारावीत सोळा कोअर कोर्स लागतात. चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, तेही अल्जेब्रा वन किंवा त्याच्या वरचे, दोन वर्षे विज्ञान, दोन वर्षे समाजशास्त्र आणि बाकीचे असेच ठरलेल्या विषयांतले. त्यांत जीपीए किमान २.३. बारावी सुरू होण्याआधी सोळापैकी दहा पूर्ण हवेत आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात, नंतर तोच कोर्स पुन्हा देऊन सुधारता येत नाहीत. एसएटी-एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे आता सगळी मदार या कोर्सांवर आहे. आणि प्रत्येक हायस्कूलची मंजूर कोर्सांची यादी वेगळी. शाळेने पास केले म्हणजे एनसीएएने मानले, असे होत नाही.

या मुलाचे नेमके तेच झाले. अकरावीत गणितात नापास झाल्यावर शाळेने त्याला संगणकावरचा क्रेडिट रिकव्हरीचा, म्हणजे नापास विषय भरून काढण्याचा, कोर्स दिला. शाळेच्या लेखी तो पास झाला, समारंभात टोपी उडवून बाहेर पडला. पण तो कोर्स त्या शाळेच्या मंजूर यादीत नव्हता. सहायक प्रशिक्षकाकडे त्याचे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, दीड वर्ष पडून होते. मला ते ऑगस्टमध्ये पहिल्यांदा पाहायला मिळाले. चूक सापडायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. डिव्हिजन वनचा नियमच सांगतो की वेळेत पदवी घेतलेल्या मुलाला त्यानंतरच्या एका वर्षात, कॉलेजात पूर्णवेळ दाखल होण्याआधी, एक कोअर कोर्स वाढवून घेता येतो. त्याला कमी पडला तो बरोबर एकच. मे महिन्यात कुणी यादीशी ताडून पाहिले असते तर तो उन्हाळ्यातच भरून निघाला असता. ऑगस्टमध्ये कळले तरी वेळ गेली नव्हती. गावी राहून डिसेंबरपर्यंत तो कोर्स करायचा आणि जानेवारीत यायचे, इतके सोपे होते. मी तसे सांगितलेही. मला उत्तर मिळाले की जागा शिल्लक नाही. ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीतून, एक मोठा खेळाडू त्याच आठवड्यात आला होता.

त्याला फोनवर सांगण्यात आले. ज्युनिअर कॉलेजचा (इथे ते बारावीनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज असते) एक नंबर दिला गेला. तो खोली रिकामी करत असताना मी भेटायला गेले, तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. "मी गणितात नापास झालो का?" आठ आठवडे माझ्यासमोर बसून बी मिळवलेला मुलगा मला हे विचारत होता. काय घडले ते त्याला कुणी नीट समजावूनही सांगितले नव्हते.

तुम्ही म्हणाल, मग अशी मुले घेऊच नयेत का? घ्यावीत. माझे म्हणणे नीट ऐकावे म्हणून हे ठासून सांगते. ज्यांच्या मार्कांची खात्री नाही त्यांना दारातच अडवा, हा उपाय आधी करून झाला आहे आणि त्यात कुणाचे किती नुकसान झाले हेही आपण पाहिले आहे. १९८३ मध्ये प्रपोझिशन ४८ हा एनसीएएचा पात्रतेचा नियम संमत झाला आणि १९८६ पासून लागू झाला. अकरा कोअर कोर्सांत २.० आणि एसएटीला ७००. ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या अध्यक्षांनी तेव्हाच विरोध केला होता, की परीक्षेची ही रेषा गरीब शाळांतल्या काळ्या मुलांनाच आधी कापेल. १९८९ च्या जानेवारीत प्रपोझिशन ४२ आणून अर्धवट पात्र मुलांची स्कॉलरशिपही काढायचे ठरले, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन १४ जानेवारीला बॉस्टन कॉलेजविरुद्धच्या सामन्याआधी कोर्ट सोडून निघून गेले. पुढच्याच वर्षी तो नियम सौम्य करावा लागला. थॉम्पसन यांचा आग्रह होता की खेळू देऊ नका हवे तर, पण शिकण्याची वाट बंद करू नका. पस्तीसहून जास्त वर्षे झाली, मला आजही त्यात चूक दिसत नाही.

प्रपोझिशन ४८ च्या पहिल्याच फळीतला रुमिल रॉबिन्सन मिशिगनमध्ये पहिले वर्षभर बसून होता. मिशिगनने त्याला ठेवले. एप्रिल १९८९ मध्ये सीटन हॉलविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत तीन सेकंद उरलेली असताना, त्याने दोन फ्री थ्रो टाकले आणि मिशिगन ८०-७९ ने विजेते झाले. बेन मॅकलेमोर २०११-१२ मध्ये कॅन्ससला अर्धवट पात्र ठरला. पहिल्या सत्रात त्याला सरावही नव्हता, आणि त्या मोसमात त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तो त्याने बाहेरून पाहिला. पुढच्या वर्षी तो खेळला आणि २०१३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, सातवा निवडला गेला.

मात्र ही दोन्ही नावे आधीपासूनच मोठी होती. २०१५ मध्ये मालीहून आलेल्या शेख डियालोच्या न्यूयॉर्कमधल्या शाळेचे कोर्स एनसीएएने तपासायला घेतले, तेव्हा कॅन्सस विद्यापीठ त्याच्यामागे जाहीरपणे उभे राहिले आणि नोव्हेंबर संपताना त्याला खेळायची परवानगी मिळाली. हे योग्यच झाले. माझा प्रश्न संघातल्या तेराव्या-चौदाव्या मुलाचा आहे. देशातल्या पहिल्या दहांतल्या मुलाच्या मार्कशीटवर शंका आली की सगळे विद्यापीठ कामाला लागते. तेराव्याच्या वाट्याला फक्त एक फोन येतो.

पहिले वर्ष बसावे लागणे ही नामुष्की आहे, ही समजूतही तुम्हीच रुजू दिली आहे. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाचा सहसा कुणी मुख्य संघातून खेळत नसे. करीम अब्दुल-जब्बार, तेव्हाचा ल्यू अल्सिंडोर, १९६५-६६ मध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, संघात होता. मुख्य संघ तेव्हा सलग दोनदा राष्ट्रीय विजेता होता, आणि या नव्या मुलांनी त्यांनाच ७५-६० ने हरवले. वर्षभर वर्गात बसून कुणाचा खेळ गंजला नाही. आजच्या नियमांतही अ‍ॅकॅडेमिक रेडशर्ट आहे: २.० ते २.३ च्या मध्ये असलेल्या मुलाला स्कॉलरशिप देता येते, पहिल्या सत्रात सराव देता येतो, सामने मात्र नाहीत. आणि सोळा कोर्स न भरलेल्या माझ्या विद्यार्थ्यासारख्या मुलालाही गरजेवर आधारलेली आर्थिक मदत देऊन ठेवता येते. नियम आड येत नाही. आड येते ती पंधरा जणांच्या यादीतली एक जागा.

त्या जागेचे मोल मला कळते. खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या हाउस खटल्याची तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाल्यापासून पुरुष बास्केटबॉल संघाला पंधराची मर्यादा आहे, आणि वसंतात संपूर्ण संघच पोर्टलमध्ये निघून जाईल अशी टांगती तलवार आहे. तुमच्या नोकऱ्याही एकेका मोसमावर असतात. पण मार्च मॅडनेस या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा आठ वर्षांचा वाढीव करार ८.८ अब्ज डॉलरचा आहे, तो २०३२ पर्यंत चालेल. एवढ्या मोठ्या व्यवहारात अनिश्चिततेचा सगळा बोजा अठरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या आजीने उचलावा, हे मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही. खात्री नसताना त्याला बोलावले तुम्ही. ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडे होते. यादी वाचता येणारी माणसे तुमच्या पगारावर आहेत. त्या घरात यादी अशी काही असते हेच कुणाला ठाऊक नव्हते.

केव्हिन रॉसची गोष्ट तुमच्यातल्या ज्येष्ठांना ठाऊक असेल. १९७८ मध्ये ओमाहाच्या क्रायटन विद्यापीठाने त्याला बास्केटबॉलसाठी घेतले, तेव्हा एसीटीत त्याला ३६ पैकी ९ गुण होते. त्याच्याबरोबर दाखल झालेल्यांची सरासरी २३.२ होती. अभ्यासात हवी ती मदत देऊ, असे त्याला सांगितले गेले, असे त्याचे म्हणणे. त्याने घेतलेल्या कोर्सांत नेमबाजी होती, बास्केटबॉलचे तंत्र होते. चार वर्षांनी १२८ पैकी ९६ क्रेडिट, ग्रेड डी, भाषा चौथीच्या मुलाची, वाचन सातवीच्या. मग तो शिकागोला मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला आणि वाचायला शिकला. त्याने क्रायटनवर दावा लावला. १९९२ मध्ये सातव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने, शिकवणे निकृष्ट होते एवढ्यावर विद्यापीठाला कोर्टात खेचता येणार नाही, असे सांगितले. पण एक दार उघडे ठेवले: हा मुलगा अभ्यासाला तयार नाही हे ठाऊक असताना विद्यापीठाने ठराविक मदतीचे वचन दिले असेल आणि ती दिलीच नसेल, तर तो कराराचा भंग ठरू शकतो. शेवटी तडजोड झाली. तो निकाल मी वर्षातून एकदा तरी वाचते. दिवाणखान्यात बसून आईला दिलेला शब्द हाही शब्दच असतो, इतकी साधी गोष्ट त्यात आहे.

उलट टोकाला काय होते तेही आपण पाहिले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे, वर्ग न भरता एक निबंध दिला की ग्रेड मिळेल असे कोर्स चालले. त्याच्या चौकशीच्या वेनस्टाईन अहवालात असे ३१०० हून अधिक विद्यार्थी निघाले, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. त्या मुलांची पात्रता टिकली आणि शिक्षण गेले. मेम्फिस विद्यापीठात डेरिक रोझ या खेळाडूला मोसमाआधी मान्यता मिळाली होती, पुढे त्याचा एसएटीचा गुण रद्द झाला आणि २००७-०८ चे ३८ विजय कागदावरून पुसले गेले. म्हणजे ‘सेंटरने हो म्हटले आहे’ एवढ्यावर तुम्हीही निर्धास्त राहू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या हितासाठीसुद्धा कागद आधी नीट पाहायला हवा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

मुलाला अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिपचा कागद द्याल त्याच दिवशी दुसरा एक कागद द्या. सोळांपैकी किती झाले, दहांपैकी किती गोठले, आजचा कोअर जीपीए किती, शाळेच्या मंजूर यादीत नसलेला कोणता कोर्स मार्कशीटवर आहे आणि तो केव्हा, कुठे भरून काढता येईल. घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने सही करायचे बांधिलकीपत्र, रद्द झाले, सगळे करारनामे नव्याने लिहिले जात आहेत, तेव्हा एक पान जोडायला यापेक्षा चांगली वेळ नाही. आणि त्याच करारात लिहा की पात्रता हुकली तर एक वर्ष जागा किंवा एक वर्ष शिक्षणाचा खर्च, दोन्हींपैकी एक आम्ही सोडणार नाही. ज्या मुलासाठी तुम्हाला हे लिहिणे परवडत नाही, त्याच्या घरी जाऊन स्वप्न दाखवू नका.

ज्युनिअर कॉलेजला पाठवणे हा उपाय म्हणून सांगितला जातो, आणि काही मुलांना तो खरोखर लाभतो. पण पाठवताना पुढचे गणितही सांगा. अपात्र ठरून गेलेल्या मुलाला डिव्हिजन वनमध्ये परतायचे तर दोन वर्षांच्या कॉलेजची पदवी लागते आणि जीपीए २.५ लागतो. २.३ च्या उंबरठ्यावर ज्याची दमछाक झाली, त्याला आम्ही जास्त उंच उंबरठ्याकडे पाठवतो, बऱ्याचदा तिथे गणिताच्या शिकवणीची सोयही नसते. पोर्टलमधल्या मुलांचेही तसेच. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के, चौथ्याला ६० टक्के झालेले हवे. तीन कॉलेजे बदललेल्या मुलाचे क्रेडिट वाटेत गळतात, आणि हे त्याला चौथ्या कॉलेजात कळते. त्याला बोलावणाऱ्या प्रशिक्षकाने, तुझे किती क्रेडिट आम्ही धरणार, हे आधी लेखी द्यायला काय हरकत आहे?

आता दोन शब्द मराठी घरांसाठी, अध्यक्षांची क्षमा मागून. मुलाला अमेरिकेत आणल्यावर, किंवा इथेच, उंची वाढावी म्हणून एक वर्ष मागे बसवण्याची पद्धत बोकाळली आहे. नववी सुरू झाली की कोअर कोर्सांचे चार वर्षांचे घड्याळ सुरू होते, आणि ती नववी भारतात झाली असली तरी ते सुरूच असते. प्रशिक्षक "ते आम्ही बघू" म्हणाले तर त्यांना विचारा, कोण बघणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. शाळेच्या नावाची मंजूर यादी एलिजिबिलिटी सेंटरच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आपल्या मुलाची मार्कशीट घेऊन एका संध्याकाळी ती शेजारी ठेवा.

तो मुलगा सध्या शेजारच्या राज्यात ज्युनिअर कॉलेजला आहे. खेळतो. कॉलेज अल्जेब्राचा पेपर असला की आदल्या रात्री फोन करतो, आम्ही व्हिडिओवर तासभर बसतो. मागच्या वेळी त्याने विचारले की २.५ ला किती कमी आहे हे स्वतःच कसे काढायचे. आम्ही दोघांनी मिळून काढले.

अध्यक्षमहोदय, पुढचा नोव्हेंबर फार लांब नाही. आमच्या संघाने ज्यांच्याशी बोलणे चालवले आहे त्या प्रत्येक मुलाचे ट्रान्स्क्रिप्ट सप्टेंबरात माझ्याकडे द्या, मी वर सांगितलेला कागद भरून देते. दुसऱ्या विद्यापीठांनाही कसा भरायचा ते शिकवीन. त्यासाठी वेगळा पगार नको. संध्याकाळी सातनंतर मी स्टडी हॉलमध्येच असते.

आपली,
खेळाडूंना गणित शिकवणारी एक शिक्षिका